खिडकीकडचं टोक

शकुनचा गोल वस्तूवर भरवसा नव्हता. चौकोनी ठोकळा असला की बाई खुश. त्याला पुढं असतं, मागं असतं, ठेवला तिथं मुकाट बसतो. शाफ्टचं तसं नाही. लांबच लांब, गोल गरगरीत, कुठूनही बघा सारखाच. त्याला विचारावं, बाप्पा, तुझं तोंड कोणतं अन् पाठ कोणती, तर गडी बोलायला तयार नाही. आणि शकुनची नोकरी नेमकी त्याला हेच विचारायची होती.

अमरावतीच्या एमआयडीसीत किशोरभाऊंचा कारखाना आहे. जिनिंगचे रोलर, डाळमिलचे शाफ्ट, असला माल निघतो. शकुन वलगावची, भाजीवाल्या माळ्यांच्या घरातली. नवरा श्रावण पहाटेच मेथी-पालकाच्या जुड्या घेऊन मंडीत जातो, ही नऊच्या ऑटोनं कारखान्यात. चौदा वर्षांपूर्वी लागली ती पॅकिंगला. शाफ्ट पुसायचा, तेल लावायचं, कागदात गुंडाळायचा. दहावी पास, नजर बारीक, हात हलका. तेवढ्यावर ही बाई एक दिवस कारखान्यातल्या सगळ्यात महागड्या मशीनसमोर बसेल असं कोणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला बह्याडात काढलं असतं.

झालं असं, की किशोरभाऊंनी दोन वर्षांपूर्वी मोजमापाची सीएमएम मशीन घेतली. एसीच्या खोलीत काळ्या दगडाचं गुळगुळीत टेबल, त्यावर उतरणारी सळई, सळईच्या टोकाला जोंधळ्याएवढा तांबडा मणी. मणी मालाला टेकला की ‘टिक’ वाजतं आणि कॉम्प्युटर त्या जागेचा पत्ता लिहून घेतो. असे पत्ते जमवून ती सांगते, माल सरळ की वाकडा. मशीन चालवायला इंजिनियर ठेवली होती आचल मॅडम. तिला हाताखाली माणूस हवा होता. पोट्टे यायचे आणि धसमुसळेपणानं मणी ठोकायचे. शकुनचा हात मेथीच्या जुड्या बांधण्यात तयार झालेला, कोवळं पान न दुमडता. मॅडमनी तिलाच उचललं.

मॅडमनी तिला गोल शाफ्टची अलाइनमेंट शिकवली. तीन पायऱ्या. पहिली, बेअरिंग बसतं त्या जागेवर, म्हणजे सीटवर, चहूबाजूंनी आठ पॉईंट घ्यायचे आणि शाफ्टचा कणा शोधायचा. दुसरी, टोकाच्या सपाट तोंडाला टेकून सांगायचं, इथून शून्य. तिसरी, चावी बसायची खाच असते तिच्यात मणी घालून सांगायचं, आता लोळायचं नाही. एवढं झालं की टेबलावर शाफ्ट कसाही पडलेला असो, मशीन शाफ्टच्या हिशोबानं मोजते. दुसरी आणि तिसरी पायरी शकुनला लगेच पटली. पहिलीनं मात्र तिचं डोकं खाल्लं. कणा दिसत नाही, त्याला हात लागत नाही, तो नुसता शाफ्टच्या पोटात आहे असं मानायचं. “मानायचं म्हणजे?” तिनं विचारलं. “मानायचं म्हणजे मोजून मानायचं,” मॅडम म्हणाल्या.

मग अकोल्याच्या एका कंपनीची मोठी ऑर्डर आली, डाळमिलच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टची. हातभर लांबीचा शाफ्ट, एका टोकाला जाड गोल कॉलर. त्याला कारखान्यात सगळे ‘डोकं’ म्हणत आणि दुसऱ्या बारीक टोकाला ‘पाय’. दोन्हीकडे बेअरिंगच्या सीट, डोक्याजवळची चांगली लांब, पायाजवळची बोटभर. कण्याच्या हिशोबानं डोकं वीस मायक्रॉनपेक्षा, म्हणजे केसाच्या पाव जाडीपेक्षा, जास्त डुलता कामा नये अशी अट. मॅडमनी शकुनसाठी वहीत सगळं लिहून दिलं: ‘खिडकीकडच्या टोकाच्या सीटवर आठ पॉईंट. त्यावरून कणा.’ आणि दोन महिन्यांत लग्न होऊन इंदूरला निघून गेल्या. वही राहिली. शकुन त्या वहीला पोथीसारखं मानायची.

सहा महिने शकुननं एकटीनं मोजलं. रिपोर्टवर सही मात्र किशोरभाऊंची. आता अकोल्याहून निरोप आला, मोजणाऱ्याची सही पायजे. गुरुवारी आमच्या मॅडम येतील, मोजणारी बाई त्यांच्यासमोर पहिल्यापासून अलाइनमेंट करून दाखवेल. जमलं तर तिची सही चालेल. नाही जमलं तर पुण्याहून शिकलेला माणूस आणा. म्हणजे शकुन परत पॅकिंगला, तेल आणि कागद. तिला तेलाची लाज नव्हती. पण ही खुर्ची तिनं कमावली होती. घरी श्रावणला म्हणाली, “माही सही कोनी मांगितली व्हती का आजपर्यंत? रेशनच्या कार्डावर सोडून?”

आणि नेमका त्याच सोमवारी घोळ सुरू झाला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

घोळ समजायचा तर शेषरावांचं आधी सांगायला हवं. शेषराव हिवरखेडचे, सत्तावन्न वर्षांचे, तीस वर्षं लेथवर, शाफ्ट तासायच्या मशीनवर. नुसत्या आवाजावरून सांगायचे, पातं बोथट झालं म्हणून. पण आचल मॅडम गेल्यावर त्यांना अकोल्याच्या ऑर्डरवर लावलं आणि त्यांचे शाफ्ट एकामागून एक रिजेक्ट होऊ लागले. नितेशसारख्या कालच्या पोराचे पास, शेषरावांचे नापास. डोकं चाळीस मायक्रॉन डुलतं, पंचेचाळीस डुलतं. शेषराव लेथवर डायल लावून दाखवायचे, “काटा हालत नाई ना भाऊ, पाहा ना तुमी!” पण डायल कुठं आणि एवढी मोठी मशीन कुठं. एकोणीस शाफ्टवर लाल रंग बसला. लोकांनी उचलली जीभ लावली टाळ्याला: शेषरावांचा हात गेला. किशोरभाऊंनी त्यांना लेथवरून काढून करवतीवर बसवलं, बार कापायला. रिपोर्ट शकुननं काढले होते. लाल रंगाचा ब्रशही तिनंच फिरवला होता. वाईट वाटलं, पण आकडा आकडा असतो असं तिनं स्वतःला समजावलं.

तर आता, या सोमवारी किशोरभाऊंनी नवीन टूम काढली. टर्नर लोक, म्हणजे लेथवाले, आपापला शाफ्ट घेऊन सीएमएमच्या खोलीत येतात, टेबलावर मांडतात, गप्पा हाणतात, वेळ जातो. आजपासून सगळ्यांचा माल शेषराव आणतील आणि मांडतील. त्यांनी शाफ्ट आणायला सुरुवात केली.

आणि सगळ्यांचे शाफ्ट नापास होऊ लागले.

नितेशचा पहिला, एकेचाळीस. दुसरा, अडतीस. शकुननं मणी पुसला. पुन्हा मोजलं, तेच. एसी पाहिला, वीसवर. मणी तपासायचा एक पॉलिश केलेला गोळा असतो, त्यावर मणी तपासला, मणी चोख. नितेश दारात येऊन ओरडला, “शकुनताई, माहा माल कधी रिजेक्ट झाला व्हता का? कालपर्यंत नऊ-दहा येत व्हता!” तिनं इंदूरला फोन लावला. आचल मॅडम कोणाच्या तरी लग्नघरात होत्या, मागं बॅंड वाजत होता. “प्रोब परत क्वालिफाय कर,” एवढंच ऐकू आलं. ते, म्हणजे गोळ्यावर मणी तपासणं, तर तिनं दोनदा केलं होतं.

मंगळवारी तिचं डोकं पार चक्रावलं. शेषराव जेवायला गेले असताना तिनं पॅकिंगच्या करिष्माला हाक मारली, दोघींनी मिळून नितेशचा सकाळचा नापास शाफ्ट उचलून टेबलावर ठेवला. दहा मायक्रॉन. पास! शेषराव परत आले, त्यांनी दुसरा शाफ्ट ठेवायला हा खाली काढला, मग तिनं मुद्दाम हाच परत मांडायला लावला. त्रेचाळीस. नापास. तोच शाफ्ट, तीच मशीन, तोच तिचा हात. तिनं आकडे पाटीवर लिहिल्यासारखे वहीच्या मागच्या पानावर लिहिले आणि बघत बसली. करिष्मा कानाशी लागली, “बाई, थो मानूस पनवती हाय. आधी त्याचा माल बिघडला, आता ज्याले हात लावते त्याचा बिघडून रायला.” शकुननं तिला झापलं, “चूप वो, काईबी बोलतं!” पण क्षणभर तिच्याही मनात तेच आलं होतं. लाज वाटली तिला. तिला शेषरावांच्या तोंडाकडं बघवेना.

किशोरभाऊ संध्याकाळी आले आणि आकडे पाहून तापले. “मशीन चांगली हाय, माल चांगला हाय, मंग बिघडलं काय? नाचता येईना अंगण वाकडं! परवा अकोल्याच्या मॅडम येऊन रायल्या, शकुनबाई. त्यायच्यासमोर असं झालं तं मी पुण्याले फोन लावतो, सांगून ठेवतो.” शकुन ‘हो भाऊ’ म्हणाली. रात्री तिनं भाजी करपवली आणि श्रावणनं मुकाट खाल्ली.

बुधवारी सकाळी तिनं एकच ठरवलं. मशीनकडं बघायचं नाही, शेषरावांकडं बघायचं.

खोली अरुंद. दार दक्षिणेला, खिडकी उत्तरेला, मधे लांबट टेबल. शेषराव शाफ्ट घेऊन दारातून आत आले. शाफ्ट चौदा किलोचा, डोकं पुढं. सरळ चालत जाऊन ठेवला असता तर डोकं खिडकीकडं आलं असतं. नितेश तसाच ठेवायचा, सगळेच ठेवायचे. पण शेषराव टेबलापाशी थांबले, चौदा किलो छातीशी धरून त्या अरुंद जागेत पाठ भिंतीला घासत अख्खे वळले आणि मग शाफ्ट ठेवला. डोकं दाराकडं, पाय खिडकीकडं.

“काकाजी, फिरले काहून तुमी?”

“मंग?” शेषरावांना प्रश्नच कळला नाही. “खिडकीकडं डोकं ठेवलं तं पाय दक्षिनेकडं नाई का होत? मेलेल्या मानसाले ठेवतेत तसं. जितं काम हाय थे, आताच लेथवरून उठलं. त्याले काहून तसं झोपवाचं?”

“तुमी पयलेपासून असंच ठेवता?”

“पयलेपासून. बापानं शिकवलं तसं. बैलाचं जू बी मी दक्षिनेकडं तोंड करून टेकवत नाई.”

शकुन खुर्चीत बसली. पण अजून तिला काही उलगडेना, उलट गुंता वाढला. मशीनला काय माहीत उत्तर कोणती अन् दक्षिण कोणती? मॅडमनीच तर सांगितलं होतं, शाफ्ट कसाही पडू दे, अलाइनमेंट झाली की फरक पडत नाही. मग शाफ्ट फिरवल्यानं आकडा कसा फिरतो? वास्तुशास्त्र मशीनलाही लागू आहे की काय? तिनं वही उघडली, जी तिला तोंडपाठ होती. ‘खिडकीकडच्या टोकाच्या सीटवर आठ पॉईंट.’ ती उठली, सवयीनं मणी खिडकीकडं नेला, आणि तिथंच थबकली.

खिडकीकडं आज पाय होते. बोटभर सीट. गेले तीन दिवस ती त्या बोटभर सीटवरून अख्ख्या शाफ्टचा कणा काढत होती. हातभर तुराटी नुसत्या टोकाला चिमटीत धरून सरळ धरायला जावं, तर पलीकडचं टोक कुठल्या कुठं जातं. चिमटीतली चूक केसभर, तिकडं ती बोटभर होते. डोकं डुलत नव्हतं. कणाच वाकडा काढला होता, तोही तिनंच. आचल मॅडमच्या डोळ्यांसमोर शाफ्टचं डोकं कायम खिडकीकडं होतं, म्हणून त्यांनी खिडकी लिहिली. आणि शकुननं कधी विचारलं नाही, की मॅडम, शाफ्टला खिडकी कुठून आली?

तिनं शाफ्टचा नकाशा पुढं ओढला, कंपनीचा छापील. त्यावर डोक्याजवळच्या लांब सीटवर चौकटीत एक ‘ए’ लिहिलेला होता, म्हणजे कणा इथून काढा अशी कंपनीची खूण. आठ महिने तो तिच्यासमोर होता. तिनं शाफ्ट जसा होता तसाच ठेवला, पाय खिडकीकडं, आणि ‘ए’वर आठ पॉईंट घेतले. नऊ मायक्रॉन. पास.

तिला आनंद झाला का? झाला, पण दोन मिनिटंच. कारण लगेच तिच्या मनात तो दुसरा विचार आला: मग शेषरावांचे एकोणीस? ती मागच्या शेडमध्ये गेली, करिष्माला घेऊन एक लाल रंगाचा शाफ्ट उचलून आणला. शेषरावांचा. ‘ए’वरून मोजला. आठ. दुसरा आणला. अकरा. तिसरा. नऊ. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि दोर तिनं ओढला होता.

ती तशीच किशोरभाऊंकडं गेली आणि सगळं सांगितलं. भाऊंनी डोकं धरलं. मग दार लोटून घेतलं. “हे पाहा, उद्या मॅडम येऊन रायल्या. त्यायले हे सांगतलं तं त्या म्हनतील, सहा महिने तुमी उलटसुलट मोजून रायले, मंग आमाले दिलेल्या मालाचा काय भरवसा? आता तुमाले बरोबर करता येते ना? मंग उद्या बरोबर करा, सही करा. शेषरावाचं मंग पाहू.”

“मंग म्हंजे कधी, भाऊ?”

“शकुनबाई, तुमची सही पायजे का नाई तुमाले?”

पाहिजे होती. हेच तर दुखणं होतं. घरी येताना ऑटोत तिनं दहादा ठरवलं, गप्प राहायचं. आणि दहादा तिला शेषराव दिसले, चौदा किलो छातीशी धरून भिंतीला पाठ घासत वळणारे. कोणाचं बरोबर अन् कोणाचं चूक, तिला कळेना. भाऊंचंही खोटं नव्हतं. ऑर्डर गेली तर सगळ्यांचंच पोट जाणार होतं.

गुरुवारी अकराला अकोल्याच्या मॅडम आल्या. चाळिशीच्या, चष्मा, बोलणं मोजकं. किशोरभाऊ त्यांच्या मागं हात बांधून उभे. “कोणताही शाफ्ट घ्या,” मॅडम म्हणाल्या, “आणि पहिल्यापासून करून दाखवा.”

शकुननं दाराकडं पाहिलं. शेषराव उभे होते, हुकमाची वाट बघत.

“काकाजी,” ती म्हणाली, “मांगच्या शेडमधून तुमचा एक शाफ्ट आना. लाल रंगाचा.”

किशोरभाऊंनी डोळे मिटून घेतले. शेषराव गोंधळले. “थो रिजेक्टचा हाय ना वो बाई?” “आना तं,” ती म्हणाली. त्यांनी आणला, टेबलापाशी आले, नेहमीसारखे वळू लागले आणि मॅडमना धक्का लागेल म्हणून थांबले. “कसा ठेवू?”

“तुमी ठेवता तसाच ठेवा.”

त्यांनी पाय खिडकीकडं करून ठेवला. शकुननं नकाशावरच्या ‘ए’वर बोट ठेवलं, मॅडमना दाखवलं, मग लांब सीटवर आठ पॉईंट घेतले. टोकाला टेकून शून्य केलं. खाचेत मणी घालून शाफ्टला लोळण्यापासून थांबवलं. डोक्याभोवती मणी फिरवला. आठ मायक्रॉन.

“उलटा ठेवा,” मॅडम म्हणाल्या. शेषराव हलेनात. मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं, काय समजायचं ते समजल्या असाव्यात, आणि किशोरभाऊंना म्हणाल्या, “तुम्ही ठेवा.” भाऊंनी उचलून उलटा ठेवला. शकुननं पुन्हा तिन्ही पायऱ्या केल्या. आठ.

“हा तर चांगला आहे. याला लाल रंग कोणी मारला?”

“मी,” शकुन म्हणाली. आणि मग थांबलीच नाही. खिडकी, वही, बोटभर सीट, एकोणीस शाफ्ट, सगळं सांगून टाकलं. वाक्य कुठून सुरू होतंय आणि कुठं संपतंय याचं तिला भान राहिलं नाही. “तुमाले जे पाठवले थे चांगलेच हायत, मॅडम, थे सरळ मांडलेले व्हते, लांब सीटवरून मोजलेले. चुकले थे हेच, चांगले असून फेकले. म्या फेकले. पायजे तं एकोनीसच्या एकोनीस मोजून दावतो.”

“मोजा,” मॅडम म्हणाल्या.

दुपारी तीनपर्यंत शकुननं एकोणीस शाफ्ट मोजले. शेषराव एकेक आणत होते, ठेवत होते, आकडा बघून घेत होते आणि दुसरा आणायला जात होते. एकही नापास झाला नाही. मॅडमनी रिपोर्टचा कागद पुढं सरकवला. “मोजणाऱ्याची सही इथं.” शकुननं सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, कागदाच्या कडेपर्यंत गेलं. मॅडमनी ते वाचलं आणि फाईलमध्ये घातलं, बस्स. एवढ्यासाठी चार रात्री झोप नव्हती, आणि आता तिला काहीच वाटत नव्हतं.

मॅडमना गाडीपर्यंत सोडून किशोरभाऊ परत आले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. “शेषराव, उद्या काहून, आत्ताच बसा लेथवर. नितेश, उठ रे, दे त्यायले जागा!”

शेषराव लेथसमोर उभे राहिले. बार लेथच्या पकडीत, चकमध्ये, धरला. डायल लावायला हात पुढं केला, आणि डायलचा पाया मशीनवर खडखड वाजू लागला. त्यांनी हात मागं घेतला, पॅन्टला पुसला, पुन्हा नेला. पुन्हा खडखड. शकुन जवळच उभी होती.

“शकुनबाई,” ते हळूच म्हणाले, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. “तवा माहा हात गेला नोहता ना?”

“नाई, काकाजी. नोहता गेला. माहीच चूक व्हती.”

शेषराव हाताकडं बघत राहिले, दुसऱ्याचाच असल्यासारखं.

“पाच महिने समदे म्हनत व्हते गेला गेला. मी बी म्हटलं, गेला असंन,” ते म्हणाले. “मंग आता हा कापून काहून रायला?”

शकुननं त्यांचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी, घट्ट. ते थांबेना.